डिपेंडंट कोण, मी का बायको?

"तुम्ही अल्कोहोल डिपेंडंट आहात," उल्हासनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडम बोलल्या.

मी बोललो, "नाय मॅडम, डिपेंडंट माझी बायको. मी कामगार."

अंबरनाथला आमच्या कंपनीत दवाखान्याचं कार्ड मिळायचं. त्याच्यावर बायकोच्या नावापुढे तेच लिहिलेलं. माझं इंग्रजी तेवढंच. बायको हसली नाय.

मॅडमनी समजावलं. डिपेंडंट म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. मी दारूच्या जिवावर जगत होतो.

लगेच भरती केलं. दारू एकदम बंद झाली की अंग थरथरतं, नसलेलं दिसतं, त्याला विथड्रॉवल म्हणतात. मला मुंग्या दिसायच्या. माझ्या झटकल्या, मग शेजारच्या खाटेवरच्या काकांच्या पण झटकल्या. ते झोपले होते. काय शिव्या घातल्या!

जरा भानावर आलो तेव्हा विजू आला. माझा जुळा भाऊ, डिट्टो मी. सिस्टरने त्यालाच दारात पकडला, "ओ, सलाईन काढून कुठे फिरताय?"

विजूला तान्हा असताना मावशीने बदलापूरला नेला. तिला मूल नव्हतं. तिच्या घरात बाटली नव्हती. आमच्यात बाप प्यायचा, ग्लास मी धुवायचो. धुवायच्या आधी चाटायचो. लोकांना हसवायला मी सांगायचो, मावशीने दोघांतला चांगला पीस उचलला.

मॅडम विजूला बोलल्या, "हे जेनेटिक पण असतं, म्हणजे रक्तातून येतं. रक्त तुमचं दोघांचं सारखं. घर वेगळं मिळालं म्हणून वाचलात. घेता का कधी?"

"फक्त शनिवारी. ऑफिसवाल्यांबरोबर."

"बंद करा."

मी बोललो, "विज्या, माझं पण शनिवारपासूनच सुरू झालं रे."

"मला तुझ्यात ओढू नको! तोंड सारखं म्हणून काय झालं?" तो तरातरा निघून गेला. माझ्यासाठी आणलेली मोसंबी पण परत घेऊन गेला.

मी वाचलो. नोकरी नाय वाचली. बायको पॅकिंगच्या कामाला लागली, तिला कार्ड मिळालं. आता त्याच्यावर डिपेंडंट मी. सकाळी ती समोर बसून दारू सोडायची गोळी गिळायला लावते, मी जीभ बाहेर काढून दाखवतो. ती आहे म्हणून मी आहे.

तुमच्या घरात कोणाला हा आजार असेल तर त्याच्या सख्ख्या भावंडांना सांगा. रागावतील. तरी सांगा.

काल विजूचा फोन आला. "कसा आहेस रे?" तेच तेच विचारत होता. जीभ जड. ती जीभ मी ओळखतो, माझीच आहे.

काल बुधवार होता.