नव्या घरातली प्रार्थना

ती प्रसूती वॉर्डात नर्स होती. तिथे तिला सगळे सिस्टर म्हणायचे. लग्नाआधी रोज न्यायला येता येता नवऱ्याच्याही तोंडी तेच बसलं, ते लग्नानंतरही सुटलं नाही. चर्चमध्ये तो बायकोला सिस्टर म्हणाला की नवखी माणसं चमकून बघायची, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसायची.

तेव्हा दोन खोल्यांचं घर होतं. गुरुवारी संध्याकाळी बायका प्रार्थनेला जमायच्या, सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. नवरा स्वयंपाकघरात चहा उकळायचा, मध्येच "आमेन" ओरडायचा.

मग त्याच्या फरशीच्या धंद्याने जोर धरला. एका दुकानाची दोन झाली, पाठोपाठ गोदाम आलं. रविवारी उपासनेतही त्याचा मोबाईल खिशात गुरगुरायचा. नवं घर बांधलं. "देवाने दिलं," असं म्हणायचा आणि त्याच दमात किंमत सांगायचा.

पहिल्या गुरुवारी बायका नव्या हॉलमध्ये आल्या. पांढऱ्या सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसल्या. त्याने आधी झुंबर लावून दाखवलं, मग आत नेऊन नळ दाखवले. वॉर्डातल्या आयाबाईंचा मुलगा वर्षभर घरी बसून होता. त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं त्या हळूच म्हणाल्या.

"विश्वास ठेवा, मावशी," नवरा म्हणाला. "देव देतोच. आमच्याकडेच बघा की."

आयाबाईंनी झुंबराकडे बघितलं. "म्हणजे माझाच विश्वास कमी पडला का रे बाबा?"

सिस्टरची कानशिलं तापली. बायका गेल्यावर ती नवऱ्यावर तुटून पडली.

"येशूकडे काय होतं? ना घर ना दार. मग त्याचाही विश्वास कमीच म्हणायचा का?"

"मी राबतो कुणासाठी? तुलाच ना सुखात ठेवायला?"

"मी मागितलं होतं?"

"तुला काही मागताच येत नाही, सिस्टर. हाच तर वैताग आहे."

पुढच्या गुरुवारपासून प्रार्थना आयाबाईंच्या खोलीत भरू लागली. नवऱ्याने तोंड फुगवलं आणि पास्टरांना तिची समजूत घालायला बोलावून आणलं. पास्टर आत आले, खाली फरशीकडे बघून म्हणाले, "वा! आपल्या चर्चला हीच बसवताय ना?"

सिस्टरने कपाळाला हात लावला. "फरशी घ्या, पास्टरसाहेब. पण देवाने काय काय दिलं याची साक्ष द्यायला त्याला उपासनेत उभं करू नका. लोकांना वाटतं, घर बांधलं म्हणजे देव पावला."

पास्टर खाकरले. चहा पिऊन गेले. रविवारी नवरा साक्ष द्यायला उभा होताच. आयाबाई शेवटच्या बाकावर मान खाली घालून ऐकत होत्या. सिस्टर पुढची जागा सोडून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. नवऱ्याने ते बघितलं, क्षणभर अडखळला आणि पुन्हा नव्या दुकानाच्या गोष्टीवर आला.

आता दर गुरुवारी तो तिला आयाबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीने सोडतो. स्वतः उतरत नाही. काचा वर करून गिऱ्हाइकांशी बोलत बसतो. आत ती त्याच्यासाठी प्रार्थना करायला जाते खरी, पण त्याचं नाव ओठांवर आलं की चिडचिड होते, शब्दच फुटत नाहीत. शेवटी आयाबाईच तिचा हात धरून त्याच्यासाठी मागतात. ती नुसती "आमेन" म्हणते, तेही दातओठ खात.