मावसांचा पंप आणि पाहुण्यांची फुंकर

औषधाला भिणारा शेतकरी मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या मावशीचे यजमान. बाकी माणूस धीट. दिंडोरीकडच्या त्यांच्या गावात भरदिवसा उसातून बिबट्या निघाला, तेव्हा सगळं गाव कड्या लावून आत आणि मावसा काठी घेऊन बांधावर, बिबट्याला 'निघ, निघ' म्हणत. पण टोमॅटोवर मारायच्या औषधाची वीतभर बाटली समोर आली, की हाच माणूस तिच्यापुढे असा अदबीनं उभा राहतो, की मामलेदारापुढेही कधी राहिला नसेल. आधी चष्मा पुसणार. मग बाटलीवरचा मुंगीएवढ्या अक्षरांतला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचणार. तीच बाटली, तेच औषध, मागच्या आठवड्यात वाचलेलं. मी एकदा वैतागून म्हणालो, "मावसा, पाठ झालं असेल आता." तर म्हणाले, "पाठ झालं म्हनूनच वाचायचं. पाठ झाल्याव मानूस वाचत नाय."

फवारणीच्या दिवशीचा त्यांचा अवतार तर बघण्यासारखा. पूर्ण बाह्यांचा सदरा, गुडघ्यापर्यंत बूट, कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांना चष्म्यावर चष्मा आणि तोंडाला बैलाच्या मुसक्यासारखा जाडजूड मास्क. एरवी त्यांच्या ताटाला चिकटून बसणारा त्यांचा कुत्रा त्या दिवशी त्यांच्यावरच भुंकत घरामागे पळतो. पहिला पंप नुसत्या पाण्याचा. तो पाठीला लावून दोन सऱ्यांमधून एका लयीत चालायचं, कुठे गळतंय का पाहायचं, किती पावलांत किती पाणी जातं ते बघायचं. शेजारचे लोक बांधावर उभे राहून म्हणणार, "मावसांची परेड सुरू झाली." मग मूठभर भुसा हवेत सोडून वारा बघायचा. वारा पाठीशी असला तर चालायचं, तोंडावर आला की पंप खाली, मग टोमॅटोवर करप्याचा कितीही रोग येवो. एका शेजाऱ्यानं सल्ला दिला, दोन झाकणं जास्त टाका, लवकर काम होतं. मावसा शांतपणे म्हणाले, "डाक्टरनं तापाची एक गोळी दिली, तर तू काय पाकीट गिळतो का?" तो शेजारी पुढे वर्षभर त्यांच्याशी फटकून वागत होता.

आता इतक्या चोख माणसाचं कौतुक वाटायला हवं, पण खरं सांगतो, मला राग यायचा. मी नाशिक रोडला नोकरी करणारा माणूस, रविवार काढून मावशीच्या हातचं खायला जावं, तर हे फवारणीनंतर अंघोळ होईपर्यंत कोणाला जवळ येऊ देणार नाहीत, पाण्याच्या तांब्याला शिवणार नाहीत. ताटं वाढून थंड व्हायची आणि हे मोरीत साबण लावत बसलेले. मावशी म्हणायची, "जेवा रे तुम्ही. ह्यांचं सोवळं चाललंय." तरी हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्या सोवळ्यापायी अश्विनीचं लग्न मोडायची वेळ आली, आणि मध्यस्थ नेमका मी होतो.

अश्विनी म्हणजे मावसांची एकुलती एक मुलगी. शेतकी कॉलेजात तिच्याबरोबर शिकलेला कळवणचा एक मुलगा होता. दोघांना एकमेकांशिवाय कोणी नको होतं. दोन्ही घरांना हे स्थळ 'सहज आलंय' असं वाटावं म्हणून मी दोन वर्षं खोटं बोललो, चपला झिजवल्या, आणि एकदाची पसंती झाली. नवरात्र संपून दोन दिवस झाले होते. अकरा वाजता पाहुणे येणार आणि बोलणी पक्की होणार असं ठरलं होतं. आभाळ आदल्या दिवसापासून भरलेलं. त्या दमट हवेनं टोमॅटोवर करपा दिसू लागला होता. मावसा म्हणाले, सकाळीच फवारणी उरकतो, दहाला अंघोळ करून बसतो. हिशेब बरोबर होता, फक्त पाहुण्यांना तो ठाऊक नव्हता. ते साडेआठलाच दारात.

मुलाचे वडील उंचपुरे, पांढरे कपडे, पांढरी टोपी, झुबकेदार मिशा. स्वभावानं इतके मोकळे की मावशी ओशाळून काही बोलायच्या आत म्हणाले, "त्यांना कशाला हाक मारता? आपन शेतकरी मानसं, शेतातच भेटू." आणि निघाले. मी मागे धावलो. माझ्यामागे मुलाची आई, मग अश्विनी. मुलगा बिचारा गाडीतून पेढे काढत राहिला. मावसांनी लांबूनच हात हलवून 'थांबा, थांबा' केलं. पाहुण्यांना वाटलं, या, या म्हणताहेत.

तेवढ्यात पंपाच्या नळीच्या टोकाचं नोझल कचऱ्यानं अडकलं. अर्धा पंप शिल्लक, वरून ढग उतरलेले. मावसांनी पंप खाली ठेवला, नळी बंद केली, नोझल सोडवून पंपाच्या झाकणावर ठेवलं आणि ते साफ करायला आपला दात घासायचा जुना ब्रश खिशात शोधू लागले. पाहुणे जवळ पोचले होते. त्यांनी वाकून नोझल उचललं. "द्या हो, एक फुंकर मारली का मोकळं. तीस वर्सं झाली, आम्ही असंच करतो," असं म्हणत त्यांनी ते तोंडाकडे नेलं. मावसा ओरडले, पण मास्कमधून नुसता घुमल्यासारखा आवाज आला. नोझल मिशांना टेकायला आलं, आणि मावसांनी हात चालवला. हातावर मारायला गेले, तर फटका हात आणि गाल दोन्हींवर बसला. नोझल टोमॅटोत, टोपी चिखलात.

एवढं झाल्यावर कोणीही माफी मागितली असती. मावसांनी मास्क ओढून काढला आणि तीनदा एकच विचारलं, "तोंडात गेलं का? तोंडात गेलं का?" उत्तराची वाट न बघता त्यांना दंडाला धरून नळावर नेलं. साबणानं हात, चेहरा, मिशा धुवायला लावल्या, चुळा भरायला लावल्या, पुन्हा धुवायला लावल्या. सदऱ्यावर थेंब उडालेत म्हणून तोही उतरवला. दंड कसा घट्ट धरलेला होता, ते मला लांबूनही दिसत होतं. व्याही व्हायला आलेला तो भारदस्त माणूस शेवटी मावसांचा बटणं न लागणारा शर्ट घालून उभा राहिला. मुलाची आई तोंडाला पदर लावून बाजूला उभी होती. चहा झाला नाही. पेढे गाडीत परत गेले. निघताना पाहुणे एवढंच म्हणाले, "ज्या घरात पाव्हन्याव हात पडतो, त्या घरची पोरगी आपल्याला नको."

पुढचे आठ दिवस रजा टाकून त्या घरात मी काढले, ते शत्रूवरही येऊ नयेत. अश्विनी बापाशी एक अक्षर बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. कळवणला फोन केला की पलीकडून बंद व्हायचा. एका दुपारी मी मावसांवर भडकलोच. "तुम्हाला नियम प्यारे, पोर नाही. ती रोज रडतेय ते दिसत नाही? कळवणला जा आणि चुकलो म्हणा."

"माफी मागंन. पाया बी पडंन," मावसा म्हणाले. "पन चुकलो असं नाय म्हननार."

"का?"

ते हातमोजा उलटा-सुलटा करू लागले. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ असंच फुंकायचा. याच वावरात. रोज फुंकतो, काय झालं, म्हनायचा. मी शेजारी उभा होतो. मला दिसत होतं, ते औषध येगळं होतं, लय जहाल. पन थोरला भाऊ. त्याचा हात कसा धरायचा? मान ठिवला मी त्याचा." मावसांचे थोरले भाऊ 'अचानक गेले' एवढंच मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. दाराआड बांगड्या वाजल्या, आणि आत अश्विनी उभी आहे हे आम्हा दोघांनाही कळलं. त्या संध्याकाळी तिनं ताट वाढलं आणि बापासमोर बसून राहिली. बोलली तेव्हाही नाही, पण उठून गेली नाही.

नवव्या दिवशी मुलाची आई एसटीनं एकटीच आली. मावशीनं दिलेला चहा तिनं सावकाश संपवला आणि मावसांकडे वळून म्हणाली, "मी सव्वीस वर्सं सांगते ह्यांना, ते तोंडाला लावत जाऊ नका. ऐकलं नाय. परवा नोझल अडकलं, तर ह्यांचा हात आधी गालाव गेला. मग गुपचूप घरातून ब्रश आनला." ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "जे मला सव्वीस वर्सांत जमलं नाय, ते तुम्ही एका दनक्यात केलं. पोरगी आमची."

"आणि ते?" मी विचारलं.

"रागात हायेत. लग्नाला येतील. पन तुमच्याशी बोलायचं नाय म्हनतात."

तसंच झालं. मार्गशीर्षात लग्न झालं, आणि सगळ्या गोष्टी माझ्यामार्फत. 'त्यांना विचार, मंडप कुठे', 'त्यांना सांग, पूर्वेला.' दोन माणसं चार हातांच्या अंतरावर उभी आणि मी मध्ये पोस्टमन. शेवटी व्याहीभेटीची वेळ आली. दोन्हीकडची मंडळी गोळा झाली, आणि मागच्या रांगेतले टाचा उंचावून बघू लागले. मावसा हार घेऊन उभे होते. कळवणकर व्याही पुढे आले. त्यांनी मावसांचा उजवा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, नीट पाहिला.

"धुतलाय ना?" त्यांनी विचारलं.

या विषयात मावसांना थट्टा कळत नाही. "दोनदा," ते म्हणाले.

मिशा हलल्या. मंडपात कोणीतरी खुदकन हसलं आणि व्याह्यांनी त्यांना कवेत घेतलं. रीत म्हणून क्षणभर भेटायचं असतं, पण मावसा सोडेनात. मी हार सावरायला अगदी शेजारी उभा होतो, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. नेहमीचं सगळे म्हणतात ते 'पोरीला सांभाळा' त्यांनी म्हटलं नाही. व्याह्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून ते हळूच म्हणाले, "मी हात चालवला. माझी पोर नुसतं तोंडानं सांगंल. तेवढ्यावर ऐका."

कळवणकरांनी मान हलवली, आणि मग पुन्हा एकदा हलवली.