वरून दिसणारा रंग

दोन हजार कौलांमध्ये तडकलेलं एक कौल नेमकं कुठे आहे, हे रस्त्याच्या पलीकडून नुसतं बघून सांगणारा माणूस त्या गावात एकच होता. लोक त्यांना कौलवाले म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी जगाची छपरं नीट केली आणि स्वतःच्या न्हाणीघरावरचं एक कौल मात्र कायम उद्यावर ढकललं. बायको त्यावरून टोमणे मारायची आणि हे मिशीतल्या मिशीत हसायचे.

बायको शाळेत शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून चिडवायला कौलवालेही घरात बाईच म्हणत. पोस्टमनपासून बेकरीवाल्यापर्यंत अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. जरब अशी, की समोरून बाई आल्या तर पन्नाशीचा गृहस्थसुद्धा चाचपून शर्टाचं वरचं बटण लावी.

साठी उलटली आणि कौलवाल्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शिडी चढणं बंद झालं. तेव्हा दोन तासांवरच्या शहरात राहणाऱ्या लेकीने त्यांना एक ड्रोन आणून दिला. परदेशी बनावटीचा, कारण परवडणारे सगळे तसलेच होते. पहिल्या दिवशी तो अंगणातून घूं करत उठला तेव्हा बाईंनी कानांवर हात ठेवले. "अहो, हा भुंगा माझ्या डोक्यावर नको!" तेच नाव पडलं. पुढची काही वर्षं कौलवाल्यांनी अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर कंट्रोलर घेऊन, छोट्या पडद्यावर गावाची छपरं तपासली. वर चढून दुरुस्ती करायला दुसरे असत. दोष शोधायचं काम यांचं.

मग बाई विसरू लागल्या. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग गॅसवरचं दूध. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तो बरा होत नाही हेही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाई मध्येच थांबल्या.

"एक ऐकाल माझं?"

"बोल ना."

"माझ्या मुलांना कळू देऊ नका. ज्यांना मी पाढे शिकवले, त्यांनी माझी कीव करायची, हे मला सोसणार नाही. अगदी वेड लागलं तरी सांगू नका."

माझी मुलं म्हणजे शाळेतली मुलं, म्हणजे सगळं गाव. कौलवाल्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. माणूस शब्दाला इतका पक्का नसता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

वर्षभरात बाई घराबाहेर पडू लागल्या. "शाळेची वेळ झाली" म्हणायच्या आणि निघायच्या; शाळा मात्र दर वेळी वेगळ्याच दिशेला असे. पहिल्यांदा हरवल्या तेव्हा दोन तास शोधताना कौलवाल्यांचे गुडघे बोलू लागले आणि जीव कंठाशी आला. घरी आल्यावर त्यांना सुचलं. जी नजर कौल शोधते, तिला बायको सापडणार नाही?

पण गडी कामाचा पक्का. त्यांनी आधी तालीम केली. गावाबाहेरच्या कापणी झालेल्या शेतात दोरी बांधली, तिच्यावर बाईंचे सगळे कपडे वाळत घातले आणि भुंगा वर पाठवला. वरून लाल रंग काळपट दिसला. पांढरा दगडधोंड्यांत मिसळला. निळ्याचं काही खरं नव्हतं. पिवळा मात्र अर्ध्या मैलावरून डोळ्यात भरला. आणि बाईंचा सगळ्यात लाडका, मातकट रंगाचा स्वेटर दोरीवर असूनही दिसेचना. जणू कुणी चोरून नेला. कौलवाल्यांनी त्याच दिवशी भडक पिवळा कोट आणला आणि स्वेटर ट्रंकेच्या तळाशी दडवला.

"हा काय रंग?" बाई म्हणाल्या. "मी काय पोस्टाची पेटी आहे?"

"छान दिसतेस."

"खोटं बोलताना तुमचे कान हलतात."

पण घातला त्यांनी.

दुसरी तालीम बाईंची. भुंग्याचा आवाज आला की चालायचं थांबायचं, हात वर करायचा आणि तिथेच खाली बसायचं. महिनाभर रोज अंगणात हा वर्ग भरे. चालत्या माणसाचा पाठलाग करणं यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, बसलेल्या माणसापर्यंत ते पोचत. बाई बाकी सगळं विसरल्या, हे विसरल्या नाहीत. दोन वर्षांत आठ वेळा हरवल्या आणि आठही वेळा वीस मिनिटांत सापडल्या. कौलवाले धापा टाकत पोचायचे, तर या गवतात मांडी घालून बसलेल्या. "भुंगा येऊन गेला. म्हटलं, आता हे येतीलच."

लेकीला सगळं ठाऊक होतं. आईला देखभाल केंद्रात ठेवू, असा तिचा घोशा होता. "बाबा, तुमच्याच्याने नाही होणार."

"भुंगा आहे तोवर राहू दे गं घरी. तिथे तिला कोण चिडवणार?"

लेकीने विषय बदलला. तोच होकार, असं कौलवाल्यांनी धरलं.

आणि मग हुकूम निघाला. परदेशी बनावटीचे ड्रोन टिपलेली चित्रं आपल्या मायदेशी धाडत असतील, पूल, धरणं, छावण्या शत्रूच्या नजरेत येत असतील, म्हणून देशाच्या सुरक्षेसाठी असे सगळे ड्रोन महिनाअखेर जमा करावेत. भीती अगदीच खोटी असेल असं नाही. एवढ्या मोठ्या देशाची काळजी वाहणाऱ्यांना काहीतरी दिसलं असेलच. फक्त आठ वेळा हरवलेली एक बाई त्यांना दिसली नव्हती, आणि दिसणार तरी कशी?

हुकमात एक फट होती. वैद्यकीय गरज असेल तर डॉक्टरांच्या पत्रावर सूट मिळे. कौलवाल्यांनी पत्र आणलं. चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि भुंग्याची पेटी घेऊन कचेरीत रांगेला लागले.

रांगेत पुढे लग्नाचे फोटो काढणारा होता. "माझ्या नवरा-नवरीत देशाचं कुठलं गुपित आहे, ते एकदा दाखवा मला," असं तो खिडकीला तावातावाने विचारत होता. लोक हसत होते. कौलवालेही हसले. खिशाला हात लावून पत्राची खात्री केली. मागे बेकरीवाला उभा होता, त्याच्या हातात मुलाचा खेळण्यातला ड्रोन.

नंबर आला. खिडकीपलीकडची मुलगी त्यांना बघून उभीच राहिली.

"काका, तुम्ही? बाई कशा आहेत? माझं अक्षर बघा, अजून तस्संच आहे. सगळे विचारतात, कुणी वळवलं."

"ठणठणीत आहे," कौलवाले म्हणाले.

"बाई काय ठणठणीतच असणार!" मागून बेकरीवाला म्हणाला. "मी अजून घाबरतो."

मुलीने अर्ज पुढे ओढला. "वापर कशासाठी होता, काका? धंद्याला सूट नाहीये. वैद्यकीय कारण असेल तर मिळते. घरात कुणी आजारी वगैरे?"

तिने मोठ्याने विचारलं, कारण खिडकीला जाड काच होती. बेकरीवाला कान देऊन ऐकत होता. कौलवाल्यांचा हात खिशापर्यंत गेला. पत्राची घडी बोटांना लागली. त्या पत्रात पहिल्याच ओळीत बाईंचं पूर्ण नाव होतं आणि त्याखाली आजाराचं. ते या मुलीने, त्या वळणदार अक्षरात, रजिस्टरमध्ये उतरवायचं होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवरचा तो हात त्यांना आठवला.

"छंद," ते म्हणाले. "नुसता छंद."

मुलीने लिहून घेतलं. पेटी आत गेली.

घरी येताना त्यांना दहा वेळा वाटलं की परत फिरावं. चार दिवसांनी, खिडकीवर दुसरं कुणी असेल या आशेने ते गेलेही. होता दुसराच. पत्र वाचून तो हळहळला, पण अर्जावर स्वतःच्या सहीनिशी छंद लिहिलं होतं. जमा झालेलं यंत्र परत मिळत नाही, आणि आपल्या देशात बनलेला मंजूर ड्रोन हवा तर नाव नोंदवा, सात-आठ महिने लागतील. त्यांनी नाव नोंदवलं. लेकीला यातलं काही सांगितलं नाही.

"भुंगा कुठाय?" बाई विचारायच्या.

"गेलाय फुलांवर."

"येईल ना?"

"येईल की."

दाराला वर कडी बसवली. कौलवाले डोळ्यांत तेल घालून बसू लागले. एका दुपारी ट्रंकेतून चादर काढताना बाईंच्या हाताला तो मातकट स्वेटर लागला. गालाला लावून त्या अशा हसल्या, की कौलवाल्यांना तरुणपणची त्यांची बायको दिसली. "हा माझा आहे! कुणी लपवला होता?" तो त्यांच्या हातातून काढून घेणं काही जमेना. पिवळा कोट खुंटीवरून त्यांच्याकडे बघत होता. वरून बघणारंच कुणी उरलं नाही, मग रंगाचं काय घेऊन बसलोय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. "घाल," ते म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना आपण बायकोसाठी काहीतरी चांगलं केलं असं वाटलं.

आठवड्याने, थंडीच्या एका दुपारी, ते न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून फरशी पुसत होते. दहा मिनिटं. बाहेर आले तर खुर्ची कडीखाली सरकवलेली आणि दार उघडं.

गल्ली, बाजार, जुनी शाळा, तळ्याकाठ. विचारायचं तर काय विचारायचं? "बाई दिसल्या का?" एवढंच हसतमुखाने विचारत ते फिरले. लोक "नाही बुवा" म्हणून आपल्या कामाला लागले. हरवल्यात, असं ते कुणालाच म्हणाले नाहीत. दीड तास असा गेला. शेवटी ते पोलीस चौकीची पायरी चढले, आणि तीन वर्षं सांभाळलेला शब्द त्यांनी टेबलाशी बसलेल्या पोलीस अधिकाऱ्यापुढे एका दमात मोडला.

अधिकारी भला माणूस होता. मंजूर ड्रोन, तो चालवणारे दोघे जण, सगळं पाऊण तासात हजर केलं. "कपड्यांचा रंग काय?"

"मातीसारखा."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "मग जरा अवघड आहे, काका."

"मला पडद्यावर बघू द्या. मी ओळखेन."

"बाहेरच्या माणसाला बघता येत नाही. सुरक्षेचा नियम आहे. आमची माणसं शिकलेली आहेत."

ड्रोन गावाबाहेरच्या शेतांवरून गेला. उजेड कमी होत होता. काही दिसलं नाही. सकाळी पुन्हा गेला, तेव्हाही दिसलं नाही. दहाच्या सुमारास कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला बाई सापडल्या. कापणी झालेल्या शेतात मांडी घालून बसलेल्या, रात्रीच्या थंडीत प्राण सोडलेल्या. ते शेत म्हणजे तेच, जिथे कौलवाल्यांनी एकदा दोरी बांधली होती.

तेराव्याला गाव लोटलं. खिडकीवरची मुलगी दाराशी उभी राहून हमसून हमसून रडली. "काका, एक शब्द बोलला असतात..." लेकीने बापाला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने दिला असता तर त्यांना जरा हलकं वाटलं असतं.

कागदांवर सही करायला ते चौकीत गेले तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यापुढे हात जोडले. आता तरी बघू द्या. अधिकाऱ्याने दार लोटून घेतलं आणि त्या संध्याकाळचं चित्रण लावलं.

पडद्यावर करडं, तपकिरी शेत सरकत होतं. अधिकाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. कौलवाल्यांनी तिसऱ्या सेकंदाला बोट टेकवलं.

"ही."

बाई चालत होत्या. हळू, पण न अडखळता, गावाच्या दिशेने. शंभर पावलांवर रस्ता होता आणि रस्त्यावर दिवे लागले होते. घरीच निघाल्या होत्या. वरून घूं आवाज आला असावा, कारण त्या थबकल्या, मान वर केली आणि हात उंच केला. ड्रोन न थांबता पुढे निघाला. चित्राच्या कडेला जाईपर्यंत तो हात वरच होता. मग बाईंनी स्वेटर नीट केला आणि शिकवल्याप्रमाणे तिथेच खाली बसल्या.