नकाशातली गुरांची वाट

वय झालं की माणूस माफ करायला शिकतो म्हणतात. मी शिकलो नाही.

मोजणीवाले उंद्रीकडच्या आमच्या माळावर नकाशा काढायला आले, तेव्हा गावच्या पाटलाने त्यांना जेवू घातलं आणि स्वतः पुढे होऊन सगळं दाखवलं. हे माझं वावर, ही माझी विहीर, ही गुरांची वाट, थेट नाल्यातल्या पाण्याच्या झिऱ्यापर्यंत जाणारी. सरकारी कागदावर आपला मोठेपणा चढतोय म्हणून गडी फुगला होता. सारं गाव मागून चाललं होतं, त्यात मीही.

पुढे त्याच वाटेवर त्याने संत्र्याची बाग लावली आणि बोराटीचं कुंपण घातलं. वडील विनवायला गेले. "ढोरं आता पाण्यावर कुठून न्याची, पाटील?"

"वाट होती कवा? काऊन खोटं बोलून राह्यला बे?"

वडील त्याच्याहून वयाने मोठे. तो 'बे' माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

दीड कोसाचा वळसा घालून गुरं पाण्यावर जायची. वैशाखात तीन गाई वाटेतच बसल्या, त्या उठल्या नाहीत. उरलेली वडिलांनी अमडापूरच्या बाजारात विकली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले.

मी खामगाव स्टेशनात मालाचा कारकून झालो. तिथल्या साहेबाच्या खोलीत भिंतीवर त्याच मोजणीचा नकाशा होता. रेल्वेची काळी रेघ, चढउताराच्या तपकिरी रेघा आणि खालच्या कोपऱ्यात आमचा माळ. त्यात झिऱ्याकडे जाणारी तुटक रेघ दिसली आणि मी कचेरीतच मोठ्याने हसलो.

नक्कल मिळवून मी तहसीलदारांना गावात आणलं. "अशी वाट नव्हतीच," पाटील म्हणाला.

"तुमीच त दाखवली होती, पाटील. गावानं पाह्यलं."

इतकी वर्षं मूग गिळून बसलेल्या गावाने कागद बघितल्यावर माना हलवल्या. वाटेवरची झाडं तोडायचा हुकूम झाला.

पाटील हात जोडून आला. "झाडं फळावर आली हायेत. वाट बांधानं ने, तुले काय फरक पडते?"

"नकाशात वळण नाई," मी म्हणालो. फार बरं वाटलं.

झाडं पडल्यावर मी शेजाऱ्यांची वीस गुरं मागून आणली आणि बागेतून सावकाश दोनदा फिरवली. पाटील कुंपणाशी उभा होता.

"यातलं तुहं कोणतं बे?" त्याने विचारलं.

एकही नव्हतं. मी गुरं वळवली आणि तिसऱ्यांदा बागेत घातली.