वर्गाला दाखवलेला कापूस

मारेगावच्या स्टँडवर एसटी सुटताना बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, “कोणी गाव इचारलं तं सांगजो. लाजू नोको.” माझी थोरली बहीण, ताई, मागे उभी होती. ती रडली नाही. कापूस वेचणीचे दिवस होते, तिला परत शेतात जायचं होतं.

लाजायचं सोडाच, मी गावावर पोट भरलं. इंग्लंडमधल्या एका शाळेत मी भूगोल शिकवते आणि दर उन्हाळ्यात ‘जागतिक नागरिकत्व’ हा पाठ घेते. मुलं टी-शर्टची लेबलं वाचतात, नकाशावर दोरे ताणतात, आणि एक दोरा हमखास आमच्या यवतमाळला पोचतो, कारण तिथली टाचणी मीच टोचते. माझ्यासारखे बाहेर पडलेले हे ओळखतील. परक्या मुलखात आपल्या गावाला भाव असतो, फक्त ते गरीब असावं लागतं.

बोंडअळीने आमचा कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या मे महिन्यात आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना खरी शेतकरी बाई व्हिडिओवर हवी झाली. तोवर आई-बाबा गेले होते, शेत एकटी ताई पाहत होती. नवी साडी नेसून ओसरीत बसते, असं ती हौसेने म्हणाली. बाईंना शेत हवं होतं, कामाचे कपडे हवे होते, झाडावर कापूस हवा होता. मे महिन्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून सरपणाला रचलेल्या असतात, असं मी सांगितलं. मुलांचा विरस होईल, असं बाई म्हणाल्या. मी तेही ताईला कळवलं. ती नुसतं “पाह्यतो” म्हणाली.

व्हिडिओच्या दिवशी इकडे शाळेची सकाळची प्रार्थना लांबली. ताई तिकडे दुपारच्या उन्हात साडीवर बाबांचा जुना शर्ट घालून ताटकळत होती. तिने वाळक्या पऱ्हाट्या पुन्हा रोवल्या होत्या आणि बोंडाबोंडावर कापूस खोचला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने विचारलं, तुम्ही आनंदी आहात का? ताई म्हणाली, “ऊन लागून राह्यलं, लवकर आटप म्हण तिले.” तिला कामाचा अभिमान आहे, असं मी भाषांतर केलं. कापूस पिवळट का, असं एकाने विचारलं तेव्हा ती तिकडची जात आहे, असं मीच म्हणाले. आता ताईचा त्या वेळचा फोटो शाळेच्या हॉलमध्ये लावलाय, वर लिहिलंय, आपण सारे एका जगाचे.

संध्याकाळी मी फोन करून तिला कापूस कुठून आणला ते विचारलं.

“गादीतला.”

आई दर वर्षी सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेला, ओंजळभर कापूस बाजूला काढायची. त्यातून आम्हा दोघींच्या गाद्या झाल्या होत्या. माझी गादी मी येईन म्हणून गुंडाळून ठेवलेली असायची.

“कोणाची गादी?”

“तुहीच. माही तं आईच्या दुखण्यात गेली.”

परत भरून घे, असं मी म्हणाले.

“कायनं भरू? अन् तू येते कुठं?”

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. तो नव्हता, आणि तेच मला अजून सोसत नाही.

बाबांनी सांगितलं तसं कोणी गाव विचारलं की मी लगेच सांगते. घर विचारलं तर ताईचं आहे म्हणते.