सहा फेरेट आणि एक म्हातारी कुत्री

मेव्हिस टॉमलिन्सनकडे फेरेट मागायला जाणं म्हणजे तिच्या पोटच्या मुलीला मागणी घालण्यासारखंच होतं. डरहॅमकडच्या त्या खाणकामगारांच्या गावात कुणाचे गुडघे गेले, कुणी शहरात फ्लॅट घेतला, की त्यांची सशांच्या शिकारीची जनावरं मेव्हिसच्या परसात येऊन पडत. सशांना बिळातून हुसकावणारे, मुंगसासारखे लांबुडके, उग्र वासाचे फेरेट आणि हडकुळी, लांब पायांची कुत्री. ती त्यांना धडधाकट करी आणि मग चांगलं घर शोधी. चांगलं घर तिला सहसा सापडत नसे.

अकरा वर्षांपूर्वी ऑल्विन हेपल असाच कुत्री मागायला आला, तेव्हा तिने आधी त्याच्या घरी जाऊन जनावरांच्या खुराड्यात हात घालून पाहिला. पेंढा ओला लागला. "या छपराखाली मी माझी छत्रीसुद्धा ठेवणार नाही," ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. तेव्हापासून ऑल्विन दुकानात भेटला तरी फक्त हवापाण्याबद्दल बोले.

यंदा मेव्हिसच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. तीन महिने वाकायचं नाही. घरात सहा फेरेट आणि ब्रॅम्बल नावाची म्हातारी शिकारी कुत्री. फेरेटांचं नाव काढताच बहिणीने नाकाला रुमाल लावला. जागा आणि अनुभव असलेला गावात एकच माणूस उरला होता. मेव्हिस काठी टेकत त्याच्या दारात गेली.

"छप्पर बघायला आलीस?" ऑल्विनने विचारलं.

"आलेच आहे तर बघते."

छप्पर पक्कं होतं, पेंढा कोरडा. तिने कडी तीनदा ओढून पाहिली. "जरा सैल आहे."

"कडी नाही, तुझी जीभ सैल आहे. आता मी विचारतो. तुझे फेरेट चावतात का?"

"ओळखीच्यांना नाही."

"मग अंगठ्याला पट्टी कशाची?"

मेव्हिसने हात खिशात घातला. "अकरा वर्षं मनात धरून बसलास होय रे?"

"छप्पर गळतच होतं गं," तो हळूच म्हणाला. "तू गेलीस त्याच आठवड्यात बदललं. पण तुला सांगायला यायचा धीर झाला नाही."

मेव्हिसला पहिल्यांदाच वाटलं, की आपण एकदा परत येऊन बघायला हवं होतं. तिने फक्त चार पानी सूचना त्याच्या हातात दिल्या.

जानेवारीत ती जनावरं न्यायला गेली. फेरेट तिच्या बाहीत शिरले. ब्रॅम्बल मात्र ऑल्विनच्या खुर्चीत शेकोटीपाशी पसरली होती. मेव्हिसने हाक मारली. ब्रॅम्बलने दोनदा शेपूट आपटलं आणि ऑल्विनकडे पाहिलं.

"मी काही शिकवलेलं नाही हं!" ऑल्विन घाबरून म्हणाला.

मेव्हिसने काठी खुर्चीला टेकवली आणि ब्रॅम्बलचे पाय चाचपून पाहिले. मग म्हणाली, "थंडीत तिचे सांधे धरतात. पाणी कोमट लागतं."

"कोमटच देतो."

"मग राहू दे तिला."

पुढच्या शनिवारी दोघं माळावर गेली. ऑल्विन गुडघे टेकून सशांच्या बिळांवर जाळी लावत होता आणि स्टुलावर बसलेली मेव्हिस त्याला प्रत्येक जाळं कसं चुकलंय ते सांगत होती.