ग्रहणाची चाळणी

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर जितकी ग्रहणं लावली, तितकी राहू-केतूंनी मिळूनही लावली नसतील. मामांचा जन्म माझगावच्या गोदीत कारकुनी करण्यात गेला, पण निवृत्त झाल्या दिवसापासून त्यांनी सूर्यमालेचा चार्ज घेतला. सुट्टी लागली की नायगावच्या त्यांच्या चाळीतली पोरं त्यांना बघून जिन्याखाली लपत, कारण हाताला लागेल त्याला मामा ग्रह करत. शेजारच्या काकूंनी अमावास्येला नारळ फोडला, तर खोबरं राहिलं बाजूला आणि करवंटी फिरवून मामांनी चंद्राच्या कला दाखवल्या. मी नवा जावई म्हणून जेवायला गेलो, तेव्हा ताट वाढण्याआधी मला पृथ्वी केलं. मध्ये पाण्याचं पिंप हा सूर्य, त्याभोवती मी कमरेत वाकून फिरतोय आणि मामा ओरडतायत, "जावईबापू, फिरा कुठेही, पण डोकं दादरकडेच! पृथ्वीचा कल बदलत नाही, म्हणून तर ऋतू होतात!" पिंपाच्या अलीकडे माझं डोकं सूर्याकडे झुके, तो उन्हाळा, पलीकडे गेलो की सूर्यापासून लांब, तो हिवाळा. हे मला तिसऱ्या फेरीत कळलं आणि माझ्या कमरेला पुढे आठवडाभर कळत राहिलं.

साऱ्या चाळीला शहाणं करणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र ग्रहणाचे वेध लागले की गॅस बंद. मामी हंड्यापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळ्यात तुळशीपत्र टाकून देवासमोर बसत. मामांनी मोसंबी आणि लिंबू घेऊन त्यांना वर्षानुवर्षं समजावलं. मामी शेवटी मोसंबीचा रस काढून त्यांच्याच हातात देत.

चाळ रिकामी करायची नोटीस आली, त्या वर्षी ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. पांगापांग होण्याआधी या पोरांनी एकदा तरी खरं ग्रहण बघावं, एवढंच मामांना हवं होतं. त्यासाठी ते आठवडाभर दारोदार फिरले. त्या संध्याकाळी चाळीसमोरच्या मैदानात हजर कोण, तर मी आणि एक कुत्रा. आयांनी दारांना कड्या घातल्या होत्या आणि पोरं खिडक्यांच्या गजांमागे. मामा घरातली मोठ्या भोकांची चाळणी उन्हात धरून रिकाम्या मैदानाला ग्रहण समजावत होते. मला हसू आलं होतं, पण ते मधूनच खिडक्यांकडे बघताना दिसले आणि माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात मामी तरातरा खाली आल्या. "अहो, ग्रहणात माझी चाळणी बाहेर काढलीत? द्या आधी इकडे!" चाळणी ओढायला त्या पुढे झाल्या आणि त्यांच्या साडीवर चाळणीच्या भोकाभोकातून पन्नासेक कुरतडलेले सूर्य उमटले. मामी खाली बघतच राहिल्या. मग त्यांनी हळूच पदर पसरून धरला. "हलवू नका हो जरा," त्या म्हणाल्या. साक्षात मामीच ग्रहणात बाहेर आल्यावर इतर आया काय बोलणार? कड्या निघाल्या, पोरं धावत आली आणि पदराभोवती ही झुंबड उडाली. मामांनी चाळणी तसूभरही हलवली नाही.

आता मामा-मामी एकविसाव्या मजल्यावर राहतात. पोरं कुणी वडाळ्याला गेली, कुणी विरारला. मामींनी पिठाला नवी चाळणी आणली आहे; जुनी खिळ्याला टांगलेली असते.

"ग्रहणात बाटली ना ती? मग टाकली का नाही?" मी परवा मामींना विचारलं.

"मग पुढच्या ग्रहणाला काय धरणार, माझं कपाळ?"

मामा खिडकीशी उभे होते. हल्ली ते फार बोलत नाहीत, आणि ते मला मुळीच आवडत नाही. "त्या वेळी बघायला कोणी येईल का हो, जावईबापू?" त्यांनी विचारलं.

मी हॉलच्या मधोमध एक खुर्ची ठेवली, कमरेत वाकलो आणि म्हणालो, "मामा, इथून दादर कुठल्या बाजूला?"